उचलता येणारी टाकी : छोट्या मोटरबोटीच्या इंधनाचा इतिहास

१/१८
लाल रंगाची प्लास्टिकची टाकी, तिच्यातून निघालेली काळी किंवा राखाडी नळी, नळीच्या मध्यावर लिंबाएवढा रबरी फुगा आणि होडीच्या मागे टांगलेली मोटर. समुद्रकिनाऱ्यावर किंवा धरणाच्या जलाशयावर हे दृश्य आपण पाहिलेले असते आणि त्याकडे दुर्लक्षही केलेले असते. आजचा धागा या दुर्लक्षित वस्तूंविषयी आहे. ही टाकी अशीच का, नळी एवढीच जाड का, फुगा कशासाठी, या प्रत्येक प्रश्नामागे सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील बरीच पाने आगीने लिहिली आहेत.

२/१८
प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेटू शकेल इतकी वाफ पेट्रोल सोडते. ही वाफ हवेहून तीन ते चार पट जड असते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. रस्त्यावरच्या वाहनाखाली सांडलेले पेट्रोल वाऱ्याबरोबर निघून जाते. होडी मात्र वाटीसारखी असते. जड वाफ तळाशी उतरते आणि तिथेच साचून राहते. फळ्यांखालच्या एक घनमीटर बंद जागेतील हवा स्फोटक करण्यास अर्धी वाटी सांडलेले पेट्रोल पुरेसे आहे.

३/१८
ही भीती इंजिनाइतकीच जुनी आहे. १८८६ मध्ये जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी आपले नवे पेट्रोल इंजिन एका लहान होडीत बसवून नेकार नदीत उतरवले. स्फोटाच्या भीतीने लोक अशा होडीत बसायला धजत नसत. तेव्हा डाइमलरने होडीच्या कडेने तारा ओढल्या, त्यांना चिनी मातीचे विद्युतरोधक लावले आणि होडी विजेवर चालते असा आभास निर्माण केला, अशी हकिकत सांगितली जाते. भीतीवर शोधलेला हा पहिला उपाय केवळ सोंगाचा होता. इंधनाचा धोका जिथे होता तिथेच राहिला.

४/१८
त्याच दशकात अमेरिकेत ‘नॅफ्था लाँच’ नावाच्या होड्या लोकप्रिय झाल्या. वाफेच्या होडीवर परवानाधारक इंजिनचालक ठेवण्याची कायदेशीर सक्ती होती. पाण्याऐवजी नॅफ्था उकळवून त्याच्या वाफेवर इंजिन चालवले की ती ‘वाफेची होडी’ ठरत नसे, आणि हौशी मालकाला ती स्वतः चालवता येई. नॅफ्था म्हणजे पेट्रोलचाच सख्खा भाऊ. या होड्यांची रचना पाहण्यासारखी आहे : ज्वाला आणि इंजिन होडीच्या मागच्या टोकाला, तर इंधनाची टाकी थेट नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, वेगळ्या बंद कप्प्यात. आग आणि इंधन यांत होडीच्या लांबीइतके अंतर ठेवायचे, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

५/१८
आता आउटबोर्ड मोटर. ‘आउटबोर्ड’ म्हणजे होडीच्या काठाबाहेर. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ च्या सुमारास अशी मोटर बनवून पुढे ती विकायलाही सुरुवात केली होती. या मोटरीला घराघरांत नेले ते मात्र ओले एव्हिनरूड याने. १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मलेला आणि बालपणीच विस्कॉन्सिनला आलेला हा कारागीर. एका उकाड्याच्या दिवशी प्रेयसी बेस हिच्यासाठी सरोवरापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून तो दमला, आइस्क्रीम वितळले, आणि त्यातून त्याला मोटरीची कल्पना सुचली, अशी गोष्ट आहे. ती इतकी गोड आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती थोडे अंतर राखूनच सांगावी. १९०९ मध्ये त्याने मोटरींची विक्री सुरू केली, हे मात्र पक्के. दीड अश्वशक्ती, ६२ पाउंड वजन, ६२ डॉलर किंमत.

६/१८
एव्हिनरूडच्या मोटरीचे मोठे यश वेगाचे नव्हते. तिने इंजिन होडीच्या पोटातून बाहेर काढले आणि उघड्या हवेत टांगले. इंधनाची छोटी टाकीही इंजिनालाच जोडलेली होती. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, त्यामुळे पेट्रोल आपल्याच भाराने उतरे. पंप नाही, लांब नळी नाही. काही गळालेच तर ते बहुधा पाण्यात पडे, आणि वाफ वाऱ्यावर जाई. डाइमलरने तारा लावून जी भीती झाकली होती, ती या रचनेने जवळजवळ सहजगत्या अर्ध्यावर आणली. या धाग्याचे सूत्र हेच आहे : आउटबोर्डची सुरक्षितता तिच्या उघडेपणात आहे. पुढे आपण सोयीसाठी हा उघडेपणा जेव्हा जेव्हा कमी केला, तेव्हा तेव्हा त्याची किंमत नव्या नळ्या, नवे झडप आणि नवे नियम यांच्या रूपाने मोजावी लागली.

७/१८
या रचनेची पहिली अडचण सोपी होती. इंजिनावरची टाकी लहानच असणार. भर पाण्यात ती रिकामी झाली की हेलकावणाऱ्या होडीत उभे राहून, तापलेल्या इंजिनावर वाकून, डब्यातून पेट्रोल ओतावे लागे. एक थेंब तापलेल्या भागावर वा एखाद्या ठिणगीपाशी गेला की पुरे. शिवाय मोटरी मोठ्या होत गेल्या तशी त्यांची तहानही वाढली. मोटरीवरच मोठी टाकी चढवावी तर होडीच्या मागच्या टोकावर भार येतो. टाकी मोटरीपासून वेगळी करणे अटळ होते. प्रश्न एवढाच की खाली ठेवलेल्या टाकीतून पेट्रोल वर चढवायचे कसे?

८/१८
याचे गाजलेले उत्तर १९४९ मध्ये आले. जॉन्सन कंपनीच्या १० अश्वशक्तीच्या क्यूडी मोटरीसोबत ‘माइल-मास्टर’ नावाची स्वतंत्र टाकी मिळू लागली. दोन नळ्या एकत्र जोडलेल्या असत. एकीतून इंजिनाच्या क्रँककेसमधील दाब टाकीत जाई, त्या दाबाने पेट्रोल दुसरीतून इंजिनाकडे ढकलले जाई. सुरुवातीचा दाब देण्यासाठी टाकीच्या डोक्यावरचे बटण काही वेळा दाबायचे. मोटरीत पंप नको, टाकी पायाशी, दिवसभराची बेगमी सोबत. मासेमारीचा आणि सहलीचा पल्ला एकदम वाढला.

९/१८
पण या व्यवस्थेतील दोष नीट पाहा. संपूर्ण टाकी आणि संपूर्ण नळी दाबाखाली. नळीला चीर गेली, जोड सैल झाला, तर पेट्रोल बाहेर फेकले जाणार, आणि तेही होडीच्या आत. १९६० च्या आसपास हा मार्ग मागे पडून पडद्याचा लहान पंप रूढ झाला. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारावर पंपाचा पडदा हलतो आणि पेट्रोल ओढले जाते. आता एकच नळी पुरे, आणि ती दाबाखाली नव्हे तर ओढीखाली. नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी बहुधा हवा आत शिरते. मोटर खोकते, बंद पडते. चालकाला त्रास होतो, आग लागत नाही. बिघाड झालाच तर तो कमी घातक दिशेने व्हावा, हे अभियांत्रिकीतले शहाणपण येथे दिसते.

१०/१८
नळीतला रबरी फुगा, ज्याला प्रायमर बल्ब म्हणतात, तो या पंपाचा जोडीदार. मोटर बंद असताना पंप ओढू शकत नाही, म्हणून पहिले पेट्रोल हाताने चढवायचे. फुग्याच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. फुग्यावरचा बाण नेहमी मोटरीकडे हवा, आणि फुगा दाबताना बाण वर करून धरला की झडपा नीट बसतात. फुगा टणक झाला म्हणजे कार्ब्युरेटर भरला. कितीही दाबला तरी तो मऊच राहत असेल, तर टाकी रिकामी आहे, झडप निकामी आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. मोटर चालू असताना फुगा चपटा पडत असेल, तर टाकीचे हवेचे छिद्र बंद आहे किंवा पुढची वाट तुंबली आहे. असे हे स्वस्त निदानयंत्र.

११/१८
आता कायद्याकडे वळू. अमेरिकेच्या २५ एप्रिल १९४० च्या मोटरबोट कायद्याने पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर ज्वालारोधक बसवणे आणि बंदिस्त तळाला वायुवीजन देणे सक्तीचे केले. ज्वालारोधकाच्या सक्तीतून आउटबोर्ड मोटरी वगळल्या गेल्या. १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्यानंतर टाक्या, नळ्या, जोड यांचे तपशीलवार नियम आले : टाकीला तळाशी वा बाजूला एकही छिद्र नको, सर्व तोंडे माथ्यावरच हवीत, अमुक नळ्या अडीच मिनिटे ज्वाळेत टिकल्या पाहिजेत. या नियमांतूनही आउटबोर्डच्या होड्या वगळलेल्या होत्या. तर्क सरळ होता. इंजिन उघड्यावर, टाकी सुटी, वाफ वाऱ्यावर. मग सक्ती कशाला?

१२/१८
गंमत अशी की तोवर होड्या बदलल्या होत्या. मोटरी शंभर अश्वशक्तीच्या पलीकडे गेल्या, आणि होडी बांधणाऱ्यांनी आउटबोर्डच्या होड्यांतही जमिनीच्या फळ्यांखाली मोठ्या टाक्या कायमच्या बसवायला सुरुवात केली. इंजिन बाहेर, पण इंधन पुन्हा पोटात, बंद जागेत, नजरेआड. कायद्याच्या नजरेत मात्र आउटबोर्डची होडी अजून १९०९ चीच होती. ही फट बऱ्याच अंशी बुजवली ती अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या १९५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या ऐच्छिक मानकांनी. कायदा मागे राहतो आणि व्यवसायाचे नियम पुढे जातात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१३/१८
‘सुटी’ टाकी आणि ‘कायम’ टाकी यांतला भेद अमेरिकी तटरक्षक दलाने कसा केला, तो या साऱ्या प्रवासातला मला सर्वांत आवडलेला तपशील आहे. पट्ट्याने वा बोल्टने ती कशी बांधली आहे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. आग किंवा अन्य संकटात हलवता येणार नाही अशी टाकी कायम समजायची. तिचे वजनच इतके असेल की होडीवरच्या माणसांना ती हलवता येणार नाही, तर तीही कायमच. निकष धातूचा नाही, माणसाच्या हातांचा आहे. काही लहान उघड्या होड्यांना अग्निशामक ठेवण्यातून सूट मिळते की नाही, हेही त्यावर ठरते. २५ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे साडेअठरा किलो होते, ते उचलता येते. ५० लिटरचे ३७ किलो, ते डोलणाऱ्या होडीत उचलणे कठीण. टाकीचा आकार निवडताना पहिला आकडा हा आहे.

१४/१८
टाकीच्या द्रव्याची कथाही प्रयोग आणि चुका यांचीच. पत्र्याच्या टाक्या खाऱ्या हवेत गंजतात, तो गंज नळीतून कार्ब्युरेटरमध्ये जातो. तांब्याच्या नळ्या सततच्या कंपनाने कडक होऊन तडकतात. ॲल्युमिनियम हलके आणि टिकाऊ, पण त्याला चिकटून खारे पाणी साचले किंवा थेट पितळी जोड लावला, तर ते झिजत जाते. पॉलिएथिलीन गंजत नाही, तडकत नाही, स्वस्त पडते. मात्र त्याच्या भिंतींतून पेट्रोलची वाफ हळूहळू झिरपते, आणि पेट्रोल शोषून ते किंचित फुगते. निर्दोष द्रव्य नाहीच. कोणता दोष आपल्याला परवडेल एवढेच ठरवायचे असते.

१५/१८
सर्वांत मोठा धडा इंधनानेच दिला. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई हा पदार्थ भूजल दूषित करतो म्हणून १ जानेवारी २००४ पासून न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांनी त्यावर बंदी घातली. त्याची जागा १० टक्के इथेनॉलने घेतली. पुढच्या काळात तेथील जुन्या महागड्या बोटींची इंजिने बिघडू लागली, आत काळा चिकट थर सापडू लागला. कारण : १९६०-७० च्या दशकांतल्या फायबरग्लासच्या टाक्यांमधील राळ इथेनॉलने विरघळत होती. चाळीस वर्षे निमूट काम केलेली टाकी इंधन बदलताच शत्रू झाली. जुन्या रबरी नळ्यांचेही तेच : आतला थर सुटून त्याचे तुकडे पंपात अडकू लागले.

१६/१८
ही अमेरिकेतली गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. भारताने पेट्रोलमधील १० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल विक्रीस आले. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः केरळात, १९८० च्या दशकापासून रॉकेलवर चालणाऱ्या आउटबोर्ड मोटरी रूढ झाल्या. त्या पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर न्यायच्या, म्हणजे इंधनेही दोन. कोकणातल्या खाडीत पेट्रोलची मोटर चालवणाऱ्याच्या टाकीत आज जे इंधन आहे, ते तिची जुनी नळी बनली तेव्हाचे नाही. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि पाणी जास्त झाले की ते पाण्यासह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. शोषनळी तिथूनच ओढते. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि नव्या इंधनाला चालणारी नळी ही चैन राहिलेली नाही.

१७/१८
शेवटची कलाटणी हवामान आणि प्रदूषण यांची. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नळीतून झिरपणाऱ्या वाफेवर मर्यादा घातली : दर चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅम. नव्या नळ्यांवर ‘बी१-१५’ किंवा ‘ए१-१५’ असे छापलेले असते, त्यातला १५ तो हा. ‘ए’ म्हणजे ज्वाळेत अडीच मिनिटे टिकणारी, बंदिस्त इंजिनकक्षासाठी. ‘बी’ला ती परीक्षा नाही, ती आउटबोर्डच्या उघड्या भागात चालते. ‘१’ म्हणजे सतत इंधनाने भरलेली राहू शकणारी. १ जानेवारी २०११ पासून तिथल्या सुट्या टाक्याही ५ पाउंड प्रति चौरस इंच दाबापर्यंत बंदच राहिल्या पाहिजेत, असा नियम झाला. हवा स्वच्छ राहिली, पण उन्हात टाकी फुगू लागली आणि थांबलेल्या मोटरीकडेही पेट्रोल ढकलू लागली. १९४९ चा दाब मागच्या दाराने परत आला. तो अडवण्यासाठी नळीत मागणीनुसार उघडणारी झडप आली. ती नसेल, तर मोटर थांबवल्यावर नळी सोडवून ठेवणे हाच उपाय.

१८/१८
मग टाकी आणि नळी निवडायची कशी? इतिहासाने तयार केलेले प्रश्न विचारावेत. टाकी एका माणसाला उचलता येते का? येत असेल तर ती भरताना धक्क्यावर, जमिनीवर उतरवून भरावी, म्हणजे सांडलेल्या पेट्रोलची वाफ होडीत उतरणार नाही. काठोकाठ भरू नये : २५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले की सुमारे अर्धा लिटर वाढते. पल्ल्याचा हिशेब तिहेरी करावा, एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, एक तृतीयांश राखीव. १० अश्वशक्तीची फोरस्ट्रोक मोटर पूर्ण वेगात तासाला साधारण चार लिटर पिते असे धरले, तर २५ लिटरवर दोन तास जाऊन परत फिरावे. नळीवरची अक्षरे वाचावीत. अक्षरेच नसतील तर ती नळी बागेतल्या झाडांना पाणी घालायला ठेवावी. आणि टाकी फळ्यांखाली लपवण्याचा मोह झालाच, तर कानश्टाटच्या त्या होडीवरच्या खोट्या तारा आठवाव्यात. लपवल्याने भीती नाहीशी होते, वाफ होत नाही.